क्रियाविशेषणाचं गाऱ्हाणं

खाजणवाडीच्या शाळेत इंग्रजी आलं ते होडीतून. मालवणहून निघालेला पुस्तकांचा गठ्ठा खाडी ओलांडताना एका बाजूने भिजला, त्यामुळे पाचवीच्या पुस्तकांत पहिले धडे एकमेकांना चिकटले आणि सहावीच्या पुस्तकांत शेवटचे. दोन्ही वर्गांनी त्याबद्दल खाडीचे मनापासून आभार मानले.

त्याआधी बरीच वर्षं सरकारचं मत असं होतं, की आठवीपर्यंत मुलांच्या कानांवर इंग्रजीचा शब्द पडू नये. मग महाराष्ट्र राज्य झालं आणि सरकारचं मत बदललं. सरकारचं मत बदललं की ते कारण सांगत नाही, परिपत्रक काढतं. तसं परिपत्रक आलं, पुस्तकं आली, खडूचा डबासुद्धा आला. शिकवणारं माणूस तेवढं पाठवायचं राहून गेलं.

ते माणूस गावातच निघालं. आनंदीबाई केळुसकर. गिरगावातल्या मुलींच्या शाळेत उभा जन्म इंग्रजी शिकवून, निवृत्त होऊन त्या भावाच्या घरी राहायला आल्या होत्या. गावाला वाटलं, आता बाई पोथी वाचतील, तुळशीला पाणी घालतील. बाईंनी दोन्ही करून पाहिलं. पोथी प्रश्न विचारत नव्हती आणि तुळस चुका करत नव्हती, त्यामुळे त्यांचं मन रमेना. हेडमास्तर धुरी विचारायला आले तेव्हा त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत बाईंनी हो म्हटलं.

अडचण एकच होती. वर्गाला परवानगी होती ती वर्षापुरती. वर्षाच्या शेवटी रत्नागिरीहून डिप्टीसाहेब येणार, मुलांना तपासणार, आणि त्यांना पटलं तर वर्ग कायम, नाहीतर बंद. बंद झाला असता तर मुलगे होडीत बसून मालवणला शिकायला गेले असते. मुलग्यांनी खाडी ओलांडायला गावाची हरकत नव्हती. मुलींनी ओलांडायला होती. इंग्रजी नाही तर पुढे हायस्कूल नाही, आणि हायस्कूल नाही तर सातवीनंतर थेट चूल, असा मुलींचा अभ्यासक्रम गावाने आधीच ठरवून ठेवला होता, त्याला परिपत्रकाची गरज पडली नव्हती. वर्गातल्या निम्म्या मुली होत्या. तांडेलाची तुळसा तर अशी होती, की तिला एक उत्तर दिलं की ती त्यातून दोन प्रश्न काढायची. या मुलींसाठी तरी वर्ग टिकला पाहिजे, एवढं एकच बाईंच्या डोक्यात होतं.

वर्ग टिकवायचा म्हणजे पुस्तक शिकवायचं. पुस्तक लिहिणाऱ्याने विशेषण शिकवायला 'व्हाइट स्नो' घेतला होता.

"स्नो म्हणजे बर्फ," बाई म्हणाल्या. "बर्फ कोणी बघितलो आसा?"

सगळे हात वर झाले.

"कसलो असता?"

"बांगड्याच्या वासाचो," बाबू म्हणाला. मालवण बंदरात मासळीवर घालतात त्याखेरीज दुसरा बर्फ त्याने पाहिला नव्हता.

बाईंनी उत्तर बरोबर धरलं. विशेषण तर ते होतंच, आणि 'व्हाइट'पेक्षा जास्त खरं होतं. पुस्तकात मात्र तशी सोय नव्हती.

क्रियाविशेषणासाठी पुस्तकात एक बटलर होता. तो खोलीत 'सायलेंटली' शिरत असे. बटलर म्हणजे कोण, हे समजावण्यात अर्धा तास गेला. उरलेल्या अर्ध्या तासात, दुसऱ्याच्या खोलीत पाय न वाजवता शिरणाऱ्या माणसाची पोलीसपाटलाकडे वर्दी द्यायला हवी, असं तुळसाचं मत पडलं आणि वर्गाने ते उचलून धरलं. 'सायलेंटली' हा शब्द मात्र कोणाच्या लक्षात राहिला नाही.

क्रियापदाचं मुलांना काही वाटत नसे. ईट, रन, गो, हे शब्द त्यांनी आल्याबरोबर आपलेसे केले. विशेषण आणि क्रियाविशेषण मात्र त्यांना फुकटचा भार वाटायचा. "काम सांगितला की झाला," बाबू म्हणे. "तेका मागे शेपूट कित्याक व्हया?" बाईंनी फळ्यावर रकाने आखले, चित्रं काढली, उड्या मारून 'हाय' आणि 'लो' दाखवलं. मुलांनी उड्या फार आवडीने पाहिल्या.

मग एक दिवस मधल्या सुट्टीत बाई खिडकीपाशी उभ्या होत्या. खाली आंब्याखाली पोरांचा खेळ चालला होता. बाबू देव म्हणून मांडलेल्या दगडासमोर उभा होता, हात पोटाशी जोडलेले, मान वर, डोळे अर्धे मिटलेले. तो बाबली गावकराचा नातू. देवळात रवळनाथासमोर गाऱ्हाणं घालायचा, म्हणजे गावाच्या वतीने देवाकडे मागणं मागायचा, मान त्यांच्या घराचा, त्यामुळे खेळातही तो मान दुसऱ्या कोणी मागितला नव्हता.

"बा देवा म्हाराजा," बाबूने सूर लावला.

"व्हय म्हाराजा," मागची पोरं म्हणाली.

"आज तुझी लेकरां तुझ्या पायाशी इली आसत."

"व्हय म्हाराजा."

"आमका कैरी दी. पण आंबट दी, तुरट नको. आणि हळू टाक. डोक्यार नको."

"व्हय म्हाराजा."

बाई खिडकीत तशाच उभ्या राहिल्या. क्रियापद, विशेषण, क्रियाविशेषण, तिन्ही आंब्याखाली उघड्यावर खेळत होती आणि आपण त्यांना वर्गात कोंडून फळ्यावर शोधत होतो. शाळा सुटल्यावर त्या बाबली गावकराच्या अंगणात जाऊन बसल्या.

"बाबलीनू, गाऱ्हाण्यात एवढा बारीक बारीक कित्याक सांगूचा लागता?"

बाबलीने पानाला चुना लावला. "बाईनू, देव म्हणजे मोठो सरकारी माणूस. सांगितला तेवढाच करता. आमच्या आजोबान एका वर्सा नुसता 'पाऊस दी' म्हणून सांगितल्यान. देवान दिल्यान."

"मगे?"

"शिमग्यात दिल्यान. आंब्याचो सगळो मोहर झडलो. तेवापासून आमी कसलो, कितको, कसो, सगळा सांगतो. देवाक जागा ठेवूची नाय."

दुसऱ्या दिवसापासून सहावीच्या वर्गात गाऱ्हाणं सुरू झालं, इंग्रजीतून. एकाने देव व्हायचं आणि बाईंच्या खुर्चीत बसायचं. एकाने मागायचं. मागणं अर्धवट असेल तर देवाने ते असं पुरं करायचं, की मागणाऱ्याला पस्तावा व्हावा. मागणं पक्कं झालं की वर्गाने "व्हय म्हाराजा" म्हणायचं. खोडी काढायची मुभा मिळालेला देव म्हणजे काय, हे कळायला ज्याने बारा वर्षांचं पोर पाहिलंय त्याला फार सांगावं लागणार नाही.

"ब्रिंग वॉटर," तुळसाने मागितलं.

देव, म्हणजे बाबू, उठला आणि करवंटीत खाडीचं पाणी घेऊन आला. तुळसाने घोट घेतला आणि थुंकला.

"ब्रिंग गुड वॉटर."

देव विहिरीवर गेला. तास संपायला आला तेव्हा परतला.

"ब्रिंग गुड वॉटर क्विकली."

देव धावत गेला, धावत आला. करवंटी रिकामी होती, देव ओला होता.

"ब्रिंग गुड वॉटर क्विकली अँड केअरफुली," तुळसा दात खाऊन म्हणाली.

"व्हय म्हाराजा," वर्ग म्हणाला, आणि शेजारच्या वर्गात गणित शिकवणारे धुरी मास्तर हातचा विसरले.

महिन्याभरात असं झालं, की मुलं विशेषणाशिवाय काही मागेनात. 'वॉक' म्हटलं की देव भिंतीवर जाऊन आदळतो, 'सिंग' म्हटलं की गाढवासारखा गातो, हे सगळ्यांनी भोगलं होतं. देवाला कुठेही जागा ठेवायची नाही, हे पोरांना पटलं, आणि त्या एका पटण्यापायी शब्द असे पाठ होत गेले, की बाईंना काही पाठ करून घ्यावं लागलं नाही. बाई हसून हसून दमत. घरी गेल्यावर भाऊ विचारी, "आज काय शिकवलंस?" बाई म्हणत, "आज मी नुसती बसलंय."

गावात असं सुखाने चाललेलं फार दिवस कोणाच्या नजरेतून सुटत नाही. शाळा समितीचे अध्यक्ष भाई मयेकर यांच्या नजरेतून तर नाहीच. भाईंचा कौलांचा व्यापार होता. शाळेवरची कौलं त्यांनी दिली होती, त्यामुळे त्या कौलांखाली जे काही बोललं जाई त्यावर त्यांचा हक्क होता. इंग्रजीविषयी त्यांना फार आदर होता. स्वतःला ते 'ऑलराइट' आणि 'नॉन्सेन्स' एवढंच येत असल्याने तो आदर वापरून झिजला नव्हता.

"आनंदीताई," ते म्हणाले, "तुमी वर्गात देवाक गाऱ्हाणा घालतास, असा ऐकलंय."

"देवाक नाय. बाबूक."

"ता आणखी वायट." भाईंनी घाम पुसला. "डिप्टीसाहेब येतले. थंय पोरांनी व्हय म्हाराजा केल्यानी तर काय म्हणतीत? साहेबांका व्याख्या व्हयी. व्हर्ब म्हणजे काय, ॲडव्हर्ब म्हणजे काय, धडाधड इंग्रजीत. आमचे जावयबापू सांगी होते."

जावयबापू म्हणजे बाळा. तो शिक्षकाचं प्रशिक्षण घेऊन सासऱ्यांच्या ओसरीवर नोकरीची वाट पाहत होता.

"तेच्याकडे तक्ते आसत," भाई सहज बोलल्यासारखं बोलले.

"कसले?"

"रंगीत."

पुढचं त्यांनी सांगितलं नाही, पण बाईंना ऐकू आलं. साहेबांनी नाक मुरडलं तर वर्ग जाणार, आणि साहेबांच्या आधी भाईंनी मुरडलं तर बाई जाणार. बाईंनी फार वर्षं शाळांमधून काढली होती. कुठे मान ताठ ठेवायची आणि कुठे मुलींकडे बघून वाकवायची, हे त्यांना कळत होतं.

"व्याख्या पाठ करून घेतंय," त्या म्हणाल्या.

धुरी मास्तरांनी छडी घेऊन ते काम स्वतःकडे घेतलं. शाळेतून आता सकाळ-संध्याकाळ "ॲन ॲडव्हर्ब इज अ वर्ड विच मॉडिफाइज" असा घोष निघू लागला. 'मॉडिफाइज' म्हणजे काय, हे धुरी मास्तरांना ठाऊक नव्हतं, मुलांनाही नव्हतं, त्यामुळे त्या शब्दावरून कुठे वाद झाला नाही. बाईंनी मुलांना बजावलं, साहेब आले की गाऱ्हाणं नाही, खोडी नाही, हसणं नाही. मुलांनी माना डोलावल्या.

साहेब यायचे होते सकाळी. त्यांची एसटी कसालला बंद पडली. तिथून ते एका मालाच्या गाडीत बसून मालवणला आले आणि दुपारी होडीतून खाडी ओलांडताना त्यांना उलटी झाली. भाईंनी त्यांच्यासाठी हातभर सुरमई आणवली होती. साहेब घाटावरचे, जन्मात मासळीला शिवले नव्हते. त्यांनी ताकभात खाल्ला आणि सुरमईकडे पाठ करून बसले. अशा सगळ्या शुभशकुनांवर तपासणीला सुरुवात झाली.

साहेब वर्गात शिरले. धुरी मास्तरांनी डोळ्याने खूण केली. वर्ग एका सुरात सुटला, "अ व्हर्ब इज अ वर्ड विच..."

"स्टॉप," साहेब म्हणाले.

वर्ग थांबला.

"हे काय आहे? व्याख्या?" साहेबांनी चष्मा काढला. "हेडमास्तर, खात्याची नवी पद्धत आपल्यापर्यंत पोहोचली नाही? व्याख्या बंद. पाठांतर बंद. मुलांसमोर व्याकरणाचं नाव घेणं बंद. इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवायचं."

"मी कधीपासून तेच सांगत होतो, साहेब," भाई मयेकर शुद्ध मराठीत म्हणाले.

धुरी मास्तरांनी छडी हळूच कपाटामागे सारली. बाईंनी मात्र मनात हिशेब मांडला. महिनाभर जे पाठ केलं ते बाद झालं होतं, आणि जे येत होतं ते करायला मुलांना त्यांनीच बंदी केली होती.

तपासणीच्या आधी मुलांना चार शब्द सांगायचा साहेबांचा शिरस्ता होता. ते उठले. दोन्ही हात पोटावर एकमेकांत गुंतवले, मान वर करून कौलांकडे पाहिलं, डोळे अर्धे मिटले आणि लांब, खर्जातला सूर लावला.

"माय डियर चिल्ड्रन..."

वाक्य तिथे अडलं. साहेब पुढचा शब्द शोधत होते. पण हात पोटाशी, मान वर, डोळे मिटलेले आणि शब्द थांबलेला, एवढं दिसल्यावर मालवणी पोराने काय करायचं असतं, हे त्याला चालायला यायच्या आधीपासून ठाऊक असतं.

"व्हय म्हाराजा," सगळा वर्ग म्हणाला.

धुरी मास्तरांनी डोळे मिटून घेतले. भाईंनी खांब धरला.

"काय म्हणाली मुलं?" साहेबांनी विचारलं.

"'होय, महाराज' म्हणाली," धुरी मास्तर चाचरत म्हणाले. "आदर म्हणून, साहेब."

साहेबांनी वर्गाकडे नीट पाहिलं. गेली कित्येक वर्षं ते जिल्हाभर भाषण करत हिंडत होते. मुलं खिडकीबाहेर बघत, मास्तर घड्याळाकडे. त्यांच्या वाक्याला कोणी हो म्हटलं, असं आजवर घडलं नव्हतं. त्यांनी हात पुन्हा पोटाशी घेतले.

"इंग्लिश इज अ ग्रेट लँग्वेज."

"व्हय म्हाराजा."

"यू मस्ट लर्न इट."

"व्हय म्हाराजा."

चार शब्द सांगायला उठलेले साहेब पंचवार्षिक योजनेवर गेले, तिथून धरणांवर, धरणांवरून राष्ट्राच्या उभारणीवर. दर वाक्यानंतर ते आता मुद्दाम थांबत होते. गाऱ्हाणं घालणाराच इथे स्वतःला देव समजून बसला होता. पण घाटावरच्या माणसाला हे सांगायचं कोणी, आणि आनंदात असलेल्या साहेबाला ते सांगावं तरी कशाला, असा विचार करून सगळी मोठी माणसं गप्प राहिली.

भाषण संपलं. साहेबांनी टोपी आणि कागद टेबलावर ठेवले. बाबूकडे बोट केलं.

"यू बॉय. ओपन द विंडो."

बाबू उठला. वर्गाला दोन खिडक्या होत्या. एक लहान, आंब्याच्या बाजूची, आणि एक मोठी, समुद्राच्या बाजूची. दुपारी वारा सुटतो म्हणून मोठी नेहमी लावलेली असे. बाबूने साहेबांकडे पाहिलं. कोणती, ते सांगितलेलं नव्हतं. कशी, तेही सांगितलेलं नव्हतं. मग त्याने तुळसाकडे पाहिलं, आणि बाईंना त्याच्या चेहऱ्यावर देव आलेला दिसला. त्या 'नको' म्हणेपर्यंत तो मोठ्या खिडकीपाशी पोहोचला होता. त्याने अडणा काढला आणि दोन्ही झडपा एकदम सोडून दिल्या.

वारा आत आला. साहेबांचे कागद कौलांपर्यंत गेले. टोपी मुलींच्या ओळीत जाऊन पडली.

"नॉन्सेन्स," भाई म्हणाले. इतक्या वर्षांत तो शब्द प्रथमच जागेवर पडला होता.

"व्हॉट इज धिस?" साहेब लाल झाले.

तुळसा उठून उभी राहिली. तिच्या हातात साहेबांची टोपी होती. "सर, यू से विंडो," ती म्हणाली. "विच विंडो? बिग विंडो, स्मॉल विंडो? यू से ओपन. ओपन हाऊ?"

गेला वर्ग, असं बाईंना वाटलं. माफी मागितली तर कदाचित बाबूवर निभावेल. पण मग बाबू चुकला, तुळसा चुकली, असं मुलांसमोर म्हणावं लागेल, आणि ती दोघं तर एवढ्या सगळ्यांत नेमकी बरोबर होती. बाई पुढे झाल्या.

"साहेब, चूक मुलाची नाही," त्या म्हणाल्या. "आपण जेवढं मागितलं तेवढं त्याने दिलं. पुन्हा मागून पाहा."

"म्हणजे?"

"नीट मागून पाहा."

भाईंनी कपाळाला हात लावला. साहेब बाईंकडे बघत राहिले. बहुधा शिक्षकाला कसं झापायचं याचं इंग्रजी ते जुळवत असावेत. पण वारा जोरात होता, कागद अजून उडत होते आणि खिडकी तर लावायला हवी होती.

"क्लोज द..." ते थांबले. "क्लोज द बिग विंडो." बाबूने हात उचलला तसे ते घाईने म्हणाले, "जेंटली."

बाबूने झडपा अशा लावल्या, की बिजागरीलाही कळलं नाही.

"व्हय म्हाराजा," वर्ग म्हणाला.

साहेब खुर्चीत बसले. मग म्हणाले, "ब्रिंग माय पेपर्स." बाबू एकच कागद उचलून निघाला, तेव्हा त्यांनीच हात वर करून त्याला थांबवलं. "वेट. ब्रिंग ऑल माय पेपर्स. क्विकली... अँड केअरफुली." आणि मुलांबरोबर "व्हय म्हाराजा" म्हणताना त्यांचेही ओठ हलल्यासारखे दिसले. त्यानंतर त्यांनी पाचवीला मागून पाहिलं, पुन्हा सहावीला मागून पाहिलं. एका पोराकडून 'अ लाँग साँग सॉफ्टली' म्हणवून घेतलं. शेवटी होडीवाला ओहोटी लागली म्हणून बोलवायला आला, तेव्हा डिप्टीसाहेब एका पायावर 'स्टेडिली' उभ्या राहिलेल्या वर्गासमोर उभे होते.

पडवीत आल्यावर त्यांना आपण कोण आहोत हे आठवलं. त्यांनी टोपी घातली.

"या पद्धतीचं नाव काय?"

"गाऱ्हाणं," बाई म्हणाल्या.

"इंग्रजीत?"

"इंग्रजीत नाव नाही."

"मग ती पद्धत म्हणता येणार नाही." साहेबांनी जरा विचार केला. "निकाल चांगला आहे. वर्ग कायम करायला हरकत नाही. पण शिक्षक नव्या पद्धतीत प्रशिक्षित हवा. आपलं प्रशिक्षण जुनं. ते चालणार नाही."

भाई मयेकर इतक्या वेळात पहिल्यांदा हसले. "तशी आमच्याकडे व्यवस्था आहे, साहेब. आमचे जावई..."

"हे प्रशिक्षण कुठे मिळतं?" बाईंनी विचारलं.

"मे महिन्यात रत्नागिरीला वर्ग असतो. पण आपलं वय..."

"वयाची अट आहे?"

साहेबांनी मनातल्या मनात सगळे नियम चाळले. अट नव्हती. ती घालायचं कोणाला सुचलंच नव्हतं.

"ऐन मे महिन्यात, आनंदीताई," भाई कळवळून म्हणाले. "सोसचा नाय तुमका."

"बघूया," बाई म्हणाल्या. "नाय सोसला तर तुमका कळवतंय."

रत्नागिरीला पत्र्याच्या छपराखाली तो वर्ग भरला. बाईंच्या शेजारी बसणाऱ्या पोरी त्यांच्या नातीच्या वयाच्या होत्या. त्या आधी त्यांना आजी म्हणत, मग त्यांच्याकडून स्पेलिंगं विचारून घेऊ लागल्यावर बाई म्हणू लागल्या. तऱ्हेतऱ्हेचे अधिकारी येऊन तऱ्हेतऱ्हेचं शिकवून गेले. आणि मग एका सकाळी डिप्टीसाहेब आले. किनारपट्टीतल्या शाळांचं दीर्घ निरीक्षण करून आपण एक पद्धत बसवली आहे, असं त्यांनी सांगितलं आणि फळ्यावर तिचं नाव लिहिलं. नाव इंग्रजीत होतं, लांब होतं, आणि त्याखाली दोन रेघा होत्या.

पद्धतीत एक 'ऑपरेटर' होता. एक 'इन्स्ट्रक्टर' होता. इन्स्ट्रक्टरने आज्ञा द्यायची, ऑपरेटरने ती पाळायची, आणि बाकीच्यांनी "येस, सर" म्हणायचं. याला 'ग्रुप रिस्पॉन्स' असं नाव होतं.

"मिसेस केळुसकर," साहेब म्हणाले, "आपण ऑपरेटर व्हा." त्यांच्या आवाजात संकोच नव्हता. पद्धत आपली आहे, असं एव्हाना त्यांना अगदी खरं वाटू लागलं होतं.

बाई उठल्या. समोरच्या मुलीने भीत भीत आज्ञा दिली, "ब्रिंग अ बुक." बाईंनी कपाटातला सगळ्यात जाड, सगळ्यात धुळकट ग्रंथ काढला, तिच्या पुढ्यात धपकन टाकला आणि धूळ उडवली. पोरी खुदखुदल्या.

"नो, नो," साहेब म्हणाले. "ऑपरेटरने आज्ञा नीट पाळायची. खोडसाळपणा पद्धतीत बसत नाही."

"पण साहेब, ऑपरेटर शहाण्यासारखा वागला, तर मुलं विशेषण शोधतील कशाला?"

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "ते शंकासमाधानाच्या तासाला विचारा," ते म्हणाले. शंकासमाधानाचा तास नंतर ग्रुप फोटोला दिला गेला.

परीक्षेत बाई दुसऱ्या वर्गात उत्तीर्ण झाल्या. भाषेवर प्रभुत्व चांगलं, नव्या पद्धतीचं आकलन बेताचं, असा शेरा मिळाला. शेजारच्या पोरींना वाईट वाटलं. बाईंना नाही वाटलं. उत्तीर्ण या शब्दापुढचं त्यांनी वाचलंच नव्हतं.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा भाई मयेकरांनी ते प्रमाणपत्र उजेडात धरून पाहिलं, उलटं करून पाहिलं आणि "ऑलराइट" म्हणून परत दिलं. तुळसा सातवीत गेली होती. तिच्या बापाने तिला घरी बसवायचं पुढच्या वर्षावर ढकललं होतं, आणि पुढच्या वर्षी काय करायचं ते बाई पुढच्या वर्षी बघणार होत्या. पाचवीत नवी पोरं आली होती, त्यांत पलीकडच्या काठावरून होडीने येणाऱ्या दोन मुली होत्या. खाडी उलट्या बाजूने ओलांडायला हरकत आहे की नाही, यावर गावाने अजून विचार केला नव्हता.

"देव कोण होतला?" बाईंनी विचारलं.

सगळे हात वर झाले. मागायला मात्र कोणी तयार होईना. बाईंनी नव्या पोरांतल्या एका बुटक्या, अजून एकही इंग्रजी शब्द न येणाऱ्या जानकीला उचलून खुर्चीत बसवलं, पदर कमरेला खोचला आणि तिच्यासमोर हात जोडून उभ्या राहिल्या.